वाटाण्याचा हिशेब ठेवणारे मेंडेल

आमच्या घरी सगळे म्हणतात, माझं नाक आजीवर गेलंय. असं कसं होतं, याचा पहिला हिशेब ग्रेगोर मेंडेल यांनी मांडला, तोही वाटाण्यावर.

त्यांचा जन्म १८२२ साली, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. शिकायला पैसे नव्हते. तेव्हा धाकट्या बहिणीने लग्नासाठी ठेवलेल्या पैशातला वाटा दादाला दिला. मला तर हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. पुढे त्यांनीही तिच्या मुलांच्या शिक्षणाला मदत केली.

नंतर ते ब्रनो शहरातल्या मठात राहिले. शिक्षकाची परीक्षा दोनदा दिली, पण पास काही झाले नाहीत! १८५६ पासून मठाच्या बागेत ते वाटाण्यावर प्रयोग करू लागले. उंच आणि बुटक्या झाडांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळी झाडं उंच. मग बुटकेपणा गेला कुठे? त्याच झाडांचं बी पेरलं, तर ७८७ उंच आणि २७७ बुटकी निघाली. म्हणजे साधारण तीनास एक. गुण पुसला जात नाही, लपून बसतो, हे त्यांनी ओळखलं. प्रत्येक गुणाचा एक घटक आईकडून येतो, एक बापाकडून. त्यालाच आज जनुक म्हणतात, तो डी.एन.ए.चा तुकडा असतो.

१८६५ साली त्यांनी हे सभेत वाचून दाखवलं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८८४ साली ते वारले. १९०० साली वेगवेगळ्या देशांतल्या तीन शास्त्रज्ञांना आपापल्या प्रयोगांत तेच गणित सापडलं. जुने छापील कागद काढून बघतात तर काय, मेंडेल यांनी ते आधीच लिहून ठेवलेलं!