दिवा आणि गणित : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांची विचारपूस करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव तुम्ही ऐकले असेलच. परंतु या थोर बाईंच्या गणिताची ओळख थोड्यांनाच असते.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. वडिलांनी त्यांना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकविला. गणिताची त्यांना विशेष गोडी. रुग्णसेवा तेव्हा हलके काम मानीत. घरच्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. अखेर १८५१ साली जर्मनीत त्यांनी हे शिक्षण घेतले.

क्रिमियाच्या युद्धात इंग्लंड, फ्रान्स व तुर्कस्तान हे रशियाविरुद्ध लढत होते. इस्तंबूलसमोर उस्कुदार येथे उस्मानी सुलतानांची प्रचंड बराक इंग्रजांना इस्पितळासाठी मिळाली होती. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी ३८ परिचारिकांसह बाई तेथे पोहोचल्या. काय दिसले असेल? उंदीर, घाण पाणी, तुंबलेली गटारे आणि लांबच लांब ओळींत खेटून निजलेले रुग्ण!

बाईंनी फरशा घासण्याचे ब्रश आणविले, स्वयंपाकघर सुधारले, कपडे उकळून धुण्याची सोय केली. दिवसभर मलमपट्टी, पथ्याचे जेवण, सामानाचा हिशेब. सैनिकांच्या घरी पत्रेही त्या लिहीत. रात्री तुर्की फानूस घेऊन फेरी.

तरीही त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दर शंभर रुग्णांमागे ४२ दगावले. मार्चमध्ये सरकारी आरोग्य मंडळ आले. गटारे साफ झाली, हवा खेळू लागली. जूनपर्यंत हे प्रमाण सुमारे दोनवर आले!

युद्धानंतर बाईंनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने सारे आकडे तपासले. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच कितीतरी अधिक जवान गेले, हे त्यांनी रंगीत आकृत्या काढून सरकारपुढे मांडले. नुसत्या मायेने जे साधले नाही, ते स्वच्छतेने साधले होते. १८६० साली लंडनला त्यांची परिचारिका शाळा निघाली. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्या निवर्तल्या.

पालकहो, सेवेची ओढ पुष्कळ मुलींच्या अंगी असते. तिला विद्येची जोड देणे आपल्या हाती आहे. आणि मुलींनो, गणिताचे पुस्तक कंटाळून मिटाल, तेव्हा उस्कुदारचे ते इस्पितळ जरूर आठवा.