सखुबाईचे माहेर

श्रीगाडगेबाबांचे नाव निघाले की खराटा डोळ्यांपुढे येतो, फुटके गाडगे येते, पंढरी-आळंदीच्या धर्मशाळा येतात. पण बाबा ज्या घरातून आले त्या घराची कथा आम्ही कीर्तनकार मंडळी फार थोडी सांगतो. ती आज सांगायची आहे.

१८७६ साली अमरावतीकडील शेंडगावी झिंगराजी व सखुबाई या परीट दांपत्याच्या पोटी डेबूजी जन्मले. घर तसे बरे होते. पण झिंगराजींना दारू लागली. आधी पैका गेला, मग घरदार, शेवटी देह. १८८४ साली ते निवर्तले. सखुबाईने थेंब घेतला नव्हता; आठ वर्षांच्या लेकराने तर नाहीच नाही. फळ मात्र दोघांच्या पदरी आले!

अशा वेळी गाव काय करते? बाईलाच बोल लावते. सखुबाईच्या माहेराने तसे केले नाही. मूर्तिजापूरकडील दापुरे गावी बापाने व भावाने, चंद्रभानजींनी, मायलेकरांना घरात घेतले. डेबूने गुरे राखली, औत धरले, रात्री भजनात बसला. दारुड्याचा पोर म्हणून त्याला कोणी उंबऱ्याबाहेर ठेवले नाही. पुढे लेकीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू व मांस द्यायचे, तर याने गोडाचे जेवण घातले. १९०५ साली घर सोडले, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवीपर्यंत गावोगाव झाडीत, दारू व कर्ज सोडा म्हणून लोकांना विनवीत राहिले.

सज्जनहो, विचार करा. दापुऱ्याचे दार त्या दिवशी लागले असते तर?

आमच्या जुन्नर-आंबेगावात सप्ताह उदंड होतात, दिंड्या निघतात. त्याच आळीत एखादी सखुबाई चूल विझवून बसलेली असते. लाजेने ती पंगतीला येत नाही, आणि आम्हीही तिला बोलवीत नाही. पिणाऱ्याच्या हाती उसने पैसे देऊ नयेत; ते गुत्त्यावरच जायचे. पायलीभर दाणे तिच्या हाती द्यावेत, मुलाची वह्यापुस्तके पाहावीत, त्याला टाळ देऊन आपल्या शेजारी उभे करावे. मारहाण होत असेल तर चार वडीलधाऱ्यांनी मध्ये पडावे. घरचे भांडण म्हणून पाठ फिरवू नये. पिणाराही टाकायचा नव्हे. पुण्यात १९८६ साली निघालेल्या मुक्तांगणात त्याचे व्यसन सुटावे म्हणून उपचार होतात, आणि तेथे अशा घरच्या बायकांनाही एकत्र बसवून धीर देतात. वाट ठाऊक नसेल तर आपण सोबत जावे.

वारीला जाताना ओझे वाटून घेतो ना आपण? हेही ओझे तसेच वाटून घ्यायचे. माहेर काही रक्तानेच होते असे नाही.

रामकृष्णहरि.