बर्ट विल्यम्स : काजळीआडचा विनोदवीर

मूकपटातला विनोद म्हटलं की आपल्या मुलांना एकटा चार्ली चॅप्लिन आठवतो. त्यांचा कसूर नाही, आपणच दुसरं नाव सांगितलेलं नसतं. आज असंच एक नाव, बर्ट विल्यम्स.

जन्म १८७४ चा, बहामा बेटांवरच्या नसाऊ शहरातला. लहानपणीच घरचे लोक अमेरिकेत गेले. तिथे त्या काळी गोरे नट बूच जाळून केलेली काजळी तोंडाला फासायचे आणि काळ्या माणसांची टर उडवायचे. काळा माणूस म्हणजे आळशी, भित्रा, कोंबडीचोर. हेच दाखवायचं आणि हेच लोकांना हवं असायचं. बर्ट स्वतः काळा, पण रंगाने उजळ. स्टेजवर जागा हवी तर त्यालाही तीच काजळी लावावी लागली. काळ्या माणसाने काळा दिसण्यासाठी तोंड रंगवायचं! पण त्या मुखवट्याआडून त्याने जो माणूस उभा केला तो टवाळीचा नव्हता. नशिबाने सतत गांजलेला, मोजकं बोलणारा, हळूच खांदे पाडणारा असा तो होता. हसता हसता प्रेक्षकाला त्याची दया यायची.

जॉर्ज वॉकर या दोस्ताबरोबर त्याने १९०३ मध्ये 'इन डाहोमी' हे संगीत नाटक ब्रॉडवेवर आणलं. सगळे कलाकार काळे. पुढे ते लंडनला गेलं, राजवाड्यातही त्याचा प्रयोग झाला. वॉकर आजारी पडला आणि १९११ मध्ये वारला. त्याआधीच, १९१० साली, बर्ट 'झीगफेल्ड फॉलीज' या गोऱ्यांच्या बड्या कार्यक्रमात एकटाच काळा कलाकार म्हणून दाखल झाला होता. तिथे तो पहिल्या रांगेतला स्टार. पण स्टेजवर टाळ्या घेणाऱ्या या माणसाला कित्येक हॉटेलांत खोली मिळत नसे.

१९१३ मध्ये, म्हणजे आपल्याकडे 'राजा हरिश्चंद्र' आला त्याच वर्षी, बायोग्राफ कंपनीने त्याला घेऊन एक चित्रपट सुरू केला. कलाकारांचा मोठा संच, जवळपास सगळे काळे. काजळी फक्त बर्टच्या तोंडावर. बाकीचे आपल्या खऱ्या चेहऱ्याने, चांगल्या कपड्यांत, जत्रेत फिरताना, नाचताना दिसतात. एका सुंदर मुलीसाठी तिघांची चढाओढ, एवढीच गोष्ट. ओडेसा वॉरन ग्रे त्याची नायिका. काळ्या माणसांचं साधं प्रेम पडद्यावर दाखवणं त्या काळात फार दुर्मीळ होतं. चित्रीकरण झालं, पण चित्रपट जोडलाच गेला नाही. रिळं डब्यात गेली.

१९१६ मध्ये 'अ नॅचरल बॉर्न गॅम्बलर' मात्र लागला. दिग्दर्शनही त्याचंच. जुगारापायी कोठडीत गेलेला बर्ट शेवटी एकटाच बसून, पत्ते नसताना, न दिसणाऱ्या भिडूंबरोबर डाव खेळतो. नुसती बोटं आणि डोळे. अभिनय शिकणाऱ्याने हा प्रसंग जरूर बघावा.

फेब्रुवारी १९२२ मध्ये डेट्रॉइटला प्रयोग चालू असताना तो कोसळला. ४ मार्चला न्यूयॉर्कमध्ये इंतकाल झाला. वय अवघं ४७.

ती रिळं १९३९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडे आली आणि तिथेही वर्षानुवर्षं पडून राहिली. अखेर २०१४ मध्ये ती लोकांसमोर आली. दोन शॉट्सच्या मधल्या वेळेतही कॅमेरा चालू राहिला होता, तेही तुकडे त्यात आहेत. मला तेच सगळ्यात मोलाचे वाटतात : काम थांबलंय, नट आणि कामगार उभे आहेत, आपापसात काहीतरी बोलतायत.