वादळाला ‘सायक्लोन’ हे नाव देणाऱ्या माणसाचा इशारा इंग्रजांनी ऐकला नाही, आणि अख्खं बंदर बुडालं

मे महिना संपत आला की जळगावच्या रावेर, यावल, चोपडा भागातला केळी उत्पादक आभाळाकडं बघायला लागतो. वर्षभर जपलेली, घडांनी लगडलेली बाग आडवी व्हायला अर्धा तासही पुरतो, हे त्याला चांगलंच माहिती असतं.

खरंतर धुळे-जळगावपासून समुद्र अडीच-तीनशे किलोमीटर लांब. तरीही ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळलं आणि १७ मे २०२१ ला ‘तौक्ते’ गुजरातला धडकलं, तेव्हा खानदेशातल्या लोकांचे डोळेही मोबाईलच्या स्क्रीनवर लागलेले. वादळ कुठं आहे, कुठं वळणार, वारा किती असेल, सगळं नकाशावर दिसत होतं.

पण १८० वर्षांपूर्वी असा नकाशा नव्हता. उपग्रह नव्हता, रडार नव्हतं, साधी तारसुद्धा नव्हती. त्या काळात कलकत्त्यात बसून एका माणसानं जहाजांच्या वह्या गोळा केल्या आणि समुद्रातल्या वादळांचा माग काढला. आज जगभर वापरला जाणारा ‘सायक्लोन’ हा शब्द त्याचाच.

त्याचं नाव हेन्री पिडिंग्टन.

पिडिंग्टनचा जन्म १७९७ चा, इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातला. हवामानशास्त्राची कुठलीही पदवी त्याच्याकडे नव्हती. तो होता व्यापारी जहाजावरचा माणूस. हिंदुस्थान आणि चीनच्या समुद्रात जहाजं हाकत तो कप्तान झाला आणि पुढं समुद्र सोडून कलकत्त्यात स्थायिक झाला.

माणूस भयंकर चौकस. वनस्पती, माती, खनिजं, सगळ्यात त्याला रस. भारतातल्या वनस्पतींच्या नावांची एक सूचीच त्यानं १८३२ साली छापली होती. पुढं तो कलकत्त्याच्या भूगर्भविषयक संग्रहालयाचा क्युरेटर झाला आणि तिथल्या सागरी न्यायालयाचा अध्यक्षही. म्हणजे एखादं जहाज बुडालं की कप्तानाची चूक होती का वादळाची, हे तपासणं त्याच्या कामाचाच भाग होता.

आता वादळं गोल फिरतात, हे कळलं कसं? याची सुरुवात झाली अमेरिकेत. घोड्यांचे जीन आणि साज बनवण्याचं काम शिकलेला विल्यम रेडफिल्ड नावाचा एक माणूस होता. १८२१ च्या वादळानंतर तो कनेक्टिकट भागातून प्रवास करत होता. एका ठिकाणी झाडं एका दिशेला पडलेली, तर थोड्या अंतरावर बरोबर उलट्या दिशेला. वादळ सरळ वाहत गेलं असतं, तर सगळी झाडं एकाच बाजूला पडली असती. रेडफिल्डनं ताडलं, की हा वारा गरागरा फिरत पुढं सरकलाय.

धुळ्याच्या माळावर उन्हाळ्यात वावटळ उठते, पालापाचोळा गोल फिरवत पुढं जाते. डोळ्याला दिसणारं चित्र तसंच, फक्त चक्रीवादळाचा घेर शेकडो किलोमीटरचा. एवढ्या मोठ्या वादळाच्या आत असलेल्या माणसाला ते गोल फिरतंय हे कळतच नाही. त्याला फक्त वारा आणि लाटा दिसतात.

रेडफिल्डचं हे काम विल्यम रीड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं पुढं नेलं आणि १८३८ साली वादळांच्या नियमांवर पुस्तक लिहिलं. ते पिडिंग्टनच्या हातात पडलं. तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता. तिथून पुढं उरलेलं सगळं आयुष्य त्यानं वादळांना दिलं.

१८३९ च्या जूनमध्ये बंगालच्या उपसागरात मोठं वादळ झालं. पिडिंग्टननं त्यात सापडलेल्या जहाजांची लॉगबुकं मिळवली. लॉगबुक म्हणजे जहाजाची रोजनिशी. वारा कुठल्या दिशेचा, बॅरोमीटर किती उतरला, जहाज कुठं होतं, याची तासातासाची नोंद त्यात असते. एका जहाजाच्या वहीतून फार काही कळत नाही. पण दहा जहाजांच्या वह्या एकाच नकाशावर मांडल्या, की एकाच वेळी एकाकडे पूर्वेचा वारा, दुसऱ्याकडे पश्चिमेचा आणि मधे कुठंतरी वादळाचं केंद्र, असं चित्र तयार होतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आंध्रच्या किनाऱ्यावरचं कोरिंगा बंदर वादळाच्या लाटेनं उद्ध्वस्त झालं. वादळात वाऱ्यापेक्षा जास्त माणसं पाणी मारतं, ही गोष्ट पिडिंग्टनच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा समोर येत राहिली.

पुढची पंधराएक वर्षं त्यानं एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात वीसहून जास्त शोधनिबंध लिहिले. एकेका वादळाची अक्षरशः कुंडली मांडली.

यातली सगळ्यात भारी केस होती ‘चार्ल्स हेडल’ या जहाजाची. फेब्रुवारी १८४५ मध्ये हे जहाज मॉरिशसजवळ चक्रीवादळात सापडलं. कप्तान वाऱ्याला पाठ देऊन जहाज पळवत राहिला. त्याला वाटलं, आपण वादळापासून लांब चाललोय. पण वाराच गोल फिरत होता, त्यामुळं जहाजही वादळाच्या केंद्राभोवती फिरत राहिलं. जवळपास पाच दिवस आणि तब्बल पाच फेऱ्या! पिडिंग्टननं ती वही तपासली आणि वादळ गोल फिरतं याचा याहून चांगला पुरावा कुठला, असं जगाला दाखवून दिलं.

पण अभ्यास कागदावर राहिला तर खलाशाला त्याचा काय उपयोग?

म्हणून १८४४ साली त्यानं खलाशांसाठी वादळांवर एक छोटं पुस्तक काढलं. १८४८ मध्ये त्याची मोठी आवृत्ती आली, ‘द सेलर्स हॉर्न-बुक फॉर द लॉ ऑफ स्टॉर्म्स’. भाषा साधी, कमी शिकलेल्या कप्तानालाही समजेल अशी. सोबत शिंगापासून बनवलेल्या पातळ, पारदर्शक चकत्या. त्यांच्यावर वाऱ्याच्या दिशा गोलाकार काढलेल्या. एक चकती उत्तर गोलार्धासाठी, दुसरी दक्षिणेसाठी, कारण दोन्हीकडं वादळं उलट्या दिशांनी फिरतात. कप्तानानं ती चकती नकाशावर ठेवायची, आपल्याकडच्या वाऱ्याची दिशा जुळवायची, की वादळाचं केंद्र कुठं आहे याचा अंदाज यायचा.

गणित सोपं होतं. आपल्या समुद्रात वाऱ्याकडं तोंड करून उभं राहिलं, की वादळाचं केंद्र साधारण उजव्या हाताला असतं. हे कळलं की कुठल्या बाजूला पळायचं हे ठरवता येतं. एका अर्थानं हे त्या काळातलं वेदर ॲपच.

याच पुस्तकात पिडिंग्टननं नवा शब्द सुचवला. हरिकेन, टायफून, गेल अशी वादळांची ढीगभर नावं होती, पण वारा गोल फिरतो हे कुठल्याच नावातून कळत नव्हतं. म्हणून त्यानं ग्रीक भाषेतून शब्द उचलला. वर्तुळ किंवा सापाचं वेटोळं, असा अर्थ सांगणारा. तोच ‘सायक्लोन’. मराठीतल्या ‘चक्रीवादळ’ शब्दातही तेच चक्र आहे.

एवढं नाव झाल्यावर सरकार त्याचं ऐकत असेल, असं वाटेल. पण इथंच गोष्ट फिरते.

कलकत्ता बंदर हुगळी नदीवर, आणि हुगळी गाळानं भरत चालली होती. इंग्रजांना पर्यायी बंदर हवं होतं. जागा ठरली सुंदरबनच्या तोंडाशी, मातला नदीच्या काठावर. पिडिंग्टनला हे कळलं आणि तो हादरला. १८५३ साली त्यानं थेट गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीला जाहीर पत्र लिहिलं. मुद्दा स्पष्ट होता. या जागी एक ना एक दिवस चक्रीवादळाची लाट येईल आणि सगळी वस्ती पाच ते पंधरा फूट पाण्याखाली जाईल.

पत्राचा काही उपयोग झाला नाही. ७ एप्रिल १८५८ ला पिडिंग्टन कलकत्त्यात वारला.

बंदराचं काम मात्र सुरू झालं. गव्हर्नर जनरल कॅनिंगच्या नावावरून ते झालं पोर्ट कॅनिंग. १८६३ पर्यंत कलकत्त्याहून रेल्वेसुद्धा पोहोचली. १८६४ च्या ऑक्टोबरमध्ये भयानक चक्रीवादळ कलकत्त्यावर आलं, त्यात सुमारे ६०,००० माणसं गेली असं सांगतात. तरी बंदराचा हट्ट सुटला नाही.

या गोष्टीचा एक धागा आपल्याकडेही येतो. त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिथला कापूस बंद झाल्यामुळं इंग्लंडच्या गिरण्यांना खानदेश, वऱ्हाडच्या कापसाची गरज लागली. भाव गगनाला भिडले, जळगाव कापसाची मोठी पेठ म्हणून पुढं आलं आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशावर मुंबईत शेअर्सचा जो वेडा बाजार भरला, त्यात पोर्ट कॅनिंग कंपनीचे शेअर्सही चढ्या भावानं विकले जात होते. जिथं लाट येणार असं एका माणसानं लिहून ठेवलं होतं, तिथल्या जमिनीवर लोक बोली लावत होते. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस पडला आणि शेअर्सही कोसळले.

आणि १ नोव्हेंबर १८६७ ला लाट आली. हे वादळ १८६४ इतकं मोठंही नव्हतं. तरी पाणी गावात घुसलं, धक्के आणि इमारती मोडल्या. पुढच्या काही वर्षांत बंदर सोडून देण्यात आलं. पत्राला १४ वर्षं झाली होती आणि ते लिहिणाऱ्याला जाऊन ९ वर्षं.

१८६४ चं वादळ आणि नंतरचे दुष्काळ यातून सरकारला थोडी अक्कल आली. १८७५ साली भारतीय हवामान खातं स्थापन झालं. १९२८ मध्ये त्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. पुण्यातल्या ‘सिमला ऑफिस’ चौकाला हे नाव त्यावरूनच पडलंय.

आज वादळ उठलं की काही मिनिटांत इशारा रावेरच्या केळीच्या बागेपर्यंत पोहोचतो. बाग उचलून दुसरीकडं नेता येत नाही, पण तयार झालेला माल आधी काढता येतो, जनावरं सोडवता येतात, पत्र्याखाली झोपलेल्या माणसांना पक्क्या घरात हलवता येतं. पिडिंग्टनच्या काळात इशारा देणारा एकटा होता आणि ऐकणारा कुणीच नव्हता. आता इशारा प्रत्येकाच्या खिशात वाजतो. तो नुसता फॉरवर्ड करायचा की त्यावर उठून काही करायचं, हे मात्र अजूनही ऐकणाऱ्याच्याच हातात आहे.