हॅरी विल्यम्स : पिनबॉलला शिस्त लावणारा अभियंता

शिरूरला रेल्वे नाही. गाडीसाठी दौंड जंक्शन गाठणाऱ्या जुन्या प्रवाशांना रेल्वे फलाटांवरची वजनाची यंत्रे आठवत असतील. नाणे टाकले की दिवे लुकलुकत, आत खडखडाट होई आणि पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर पडे. याच कुळातले, पण कितीतरी गुंतागुंतीचे यंत्र म्हणजे अमेरिकेतील पिनबॉल. त्याला घडविणाऱ्यांत हॅरी विल्यम्स अग्रभागी होते.

१९०६ मध्ये न्यूयॉर्कला जन्मलेले विल्यम्स स्टॅनफर्डमध्ये अभियांत्रिकी शिकले आणि मंदीच्या काळात लॉस एंजेलिसमध्ये या धंद्यात शिरले. तेव्हाचा पिनबॉल म्हणजे खिळे ठोकलेली उतरती पेटी. गोळी सोडली की पुढचे सारे नशिबावर. साहजिकच खेळाडू पेटीला खालून ठोसे मारून गोळी हवी तिकडे वळवीत. विल्यम्स यांनी आधी पेटीच्या तळातून अणकुचीदार खिळे बाहेर काढले. उपाय अघोरीच! मग सुचला तो लंबक. धातूच्या कड्यात टांगलेला हा लंबक मोठ्या धक्क्याने कड्याला टेकतो, विद्युतमंडल पूर्ण होते आणि डाव तिथेच संपतो. हलका धक्का मात्र चालतो. कॅरमचा बोर्ड हलविणे ही आपल्याकडे सरळ लबाडी. विल्यम्स यांनी तिला मर्यादा घालून खेळातच सामावून घेतले.

१९३३ च्या ‘कॉन्टॅक्ट’मध्ये त्यांनी बॅटरीवर चालणारे विद्युतचुंबक बसविले. खळग्यात पडलेली गोळी आपोआप बाहेर फेकली जाई, घंटा वाजे. पुढच्या चार दशकांतील रिले, फिरते गुणांक आणि दिवे यांचा संसार या वाटेनेच वाढला.

पण जुगाराचा शिक्का पुसला गेला नाही. १९४२ मध्ये न्यूयॉर्कने पिनबॉलवर बंदी घातली. महापौर ला गार्डिया यांनी स्वतः घण घेऊन यंत्रे फोडली. पुढच्याच वर्षी विल्यम्स यांनी शिकागोत स्वतःची कंपनी काढली. धाडसच ते. गोळी परत टोलविणारे फ्लिपर १९४७ मध्ये आले, तेही प्रतिस्पर्धी गॉटलिब कंपनीच्या हॅरी मॅब्ज यांच्या ‘हम्प्टी डम्प्टी’त. खेळात कौशल्याला खरा वाव त्यामुळे मिळाला. न्यूयॉर्कची बंदी उठायला मात्र १९७६ उजाडले.

तोवर खडखडणाऱ्या रिलेंची जागा इलेक्ट्रॉनिक चकत्या घेऊ लागल्या होत्या. ११ सप्टेंबर १९८३ रोजी विल्यम्स यांचे निधन झाले. त्यांच्या कंपनीने १९९९ मध्ये पिनबॉलचे उत्पादन थांबविले. आजच्या संगणकीकृत पिनबॉल यंत्रांच्या पोटातही तो लंबक मात्र टांगलेला असतो.