ॲडम पेटी

ॲडम कायलर पेटी (१० जुलै १९८० – १२ मे २०००) हे अमेरिकन स्टॉक कार शर्यतपटू होते. स्टॉक कार शर्यतींत अग्रगण्य मानल्या जाणाऱ्या पेटी घराण्याच्या चौथ्या पिढीचे ते प्रतिनिधी होते. पणजोबा ली पेटी, आजोबा रिचर्ड पेटी आणि वडील काईल पेटी यांच्यानंतर त्यांनी नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेत, म्हणजे विन्स्टन कपमध्ये, पदार्पण केले. एकाच घराण्यातील सलग चार पिढ्यांनी सर्वोच्च स्तरावर शर्यत लढवण्याचे अमेरिकेतील मोटर शर्यतींच्या इतिहासातील हे पहिले उदाहरण मानले जाते. पदार्पणानंतर सहा आठवड्यांच्या आतच न्यू हॅम्पशायर येथे सराव करताना झालेल्या अपघातात वयाच्या १९ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. या अपघातानंतर सुरू झालेल्या घटनाक्रमातून नॅस्कारच्या सुरक्षाव्यवस्थेत मूलगामी बदल घडले.

घराणे आणि पूर्वपीठिका

पेटी कुटुंब अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यातील लेव्हल क्रॉस या ग्रामीण वस्तीतले. नॅशनल असोसिएशन फॉर स्टॉक कार ऑटो रेसिंग, म्हणजेच नॅस्कार, ही संस्था १९४८ मध्ये बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे तिच्या सर्वोच्च मालिकेची पहिली शर्यत झाली व तिच्यात ली पेटी सहभागी झाले होते. लेव्हल क्रॉस येथे त्यांनी उभा केलेला 'पेटी एंटरप्रायझेस' हा संघ पुढे या खेळातील सर्वाधिक यशस्वी संघांपैकी एक ठरला. ली यांनी १९५४, १९५८ आणि १९५९ असे तीन वेळा विजेतेपद मिळवले, तसेच १९५९ मधील पहिली डेटोना ५०० शर्यत जिंकली. १९६१ मध्ये डेटोना येथेच झालेल्या भीषण अपघातात ते गंभीर जखमी झाले आणि त्यांची नियमित कारकीर्द जवळजवळ थांबली.

त्यांचे पुत्र रिचर्ड पेटी यांनी सर्वोच्च मालिकेत २०० शर्यती जिंकल्या. हा विक्रम आजही अबाधित आहे. त्यांच्या नावावर सात वार्षिक विजेतेपदे आणि डेटोना ५०० मधील सात विजय आहेत. १९९२ च्या हंगामाअखेर ते निवृत्त झाले. त्यांचे पुत्र काईल यांनी सर्वोच्च मालिकेत आठ विजय मिळवले. गाडीवरील क्रमांक ही या घराण्याची ओळख बनली होती. ली यांचा ४२, रिचर्ड यांचा ४३ आणि काईल यांनी नंतरच्या काळात वापरलेला ४४ हे क्रमांक पाहता ॲडम यांच्या गाडीवर ४५ हा आकडा येणे ओघाने आले.

काईल आणि पॅटी पेटी यांच्या तीन अपत्यांपैकी ॲडम हे थोरले. संघाच्या कार्यशाळा आणि शर्यतींची मैदाने यांच्या सान्निध्यात त्यांचे बालपण गेले. नावामुळे त्यांना संधी लवकर मिळाली, तशीच अपेक्षाही लवकर वाट्याला आली. रिचर्ड यांच्या निवृत्तीनंतर पेटी एंटरप्रायझेसला पूर्वीचे वर्चस्व राखता आले नव्हते. त्यामुळे घराण्याची पुढची पिढी म्हणून ॲडम यांच्याकडे पाहिले जात होते.

स्टॉक कार शर्यतींतील श्रेणी

स्टॉक कार म्हणजे मूळात कारखान्यातून विक्रीसाठी बाहेर पडलेली साधी मोटार. आरंभीच्या काळात चालक अशाच गाड्या शर्यतीत उतरवत. पुढे गाडीचा बाह्य आकार विक्रीच्या गाडीसारखा ठेवून आत पोलादी नळ्यांचा सांगाडा व खास बनावटीचे इंजिन बसवले जाऊ लागले. बहुतेक शर्यती लंबवर्तुळाकार धावपट्टीवर होतात व गाड्या सतत डावीकडे वळत फेऱ्या पूर्ण करतात.

या खेळात वर चढण्याचा मार्ग पायरीपायरीचा आहे. नवोदित चालक प्रथम लहान धावपट्ट्यांवर उतरतो. त्यांची लांबी साधारणपणे ८०० मीटर किंवा त्याहून कमी असते. वेग तुलनेने कमी असला तरी गाड्या एकमेकींना खेटून धावत असल्याने तेथे गाडीवरील नियंत्रण आणि संयम यांचा कस लागतो. ॲडम यांच्या काळात लहान धावपट्ट्यांवरील मालिकांमध्ये अमेरिकन स्पीड असोसिएशन, म्हणजे एएसए, ही महत्त्वाची होती. ऑटोमोबाईल रेसिंग क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे आर्का, या मालिकेत चालकांना मोठ्या आणि वेगवान धावपट्ट्यांचा अनुभव मिळे. त्यानंतर नॅस्कारची दुसऱ्या स्तरावरील बुश मालिका आणि अखेरीस विन्स्टन कप असा क्रम होता. विन्स्टन कपच्या आठवड्यात अनेकदा त्याच धावपट्टीवर बुश मालिकेची शर्यत होत असल्याने नवोदितांना नामांकित चालकांशी थेट सामना करावा लागे.

प्रारंभिक कारकीर्द

ॲडम यांनी १९९८ मध्ये, वयाची १८ वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, एएसए मालिकेतून व्यावसायिक कारकीर्द सुरू केली. त्याच वर्षी मिनेसोटा राज्यातील जत्रेच्या मैदानावर झालेल्या शर्यतीत एक दुर्दैवी घटना घडली. शर्यत सुरू असताना टायर बदलण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी गाडी जेथे थांबवतात त्या जागेस पिट म्हणतात. पिटमध्ये त्यांच्या तुकडीचे प्रमुख ख्रिस ब्रॅडली गाडीखाली काम करत असतानाच गाडी पुढे निघाली आणि त्यात ब्रॅडली यांचा मृत्यू झाला. नुकत्याच १८ वर्षांच्या झालेल्या ॲडम यांच्यासाठी हा मोठा आघात होता. तरीही कुटुंबाच्या आधाराने त्यांनी शर्यती पुढे सुरू ठेवल्या.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत शार्लट मोटर स्पीडवेवरील आर्का मालिकेच्या शर्यतीत त्यांनी विजय मिळवला. सुमारे २.४ किलोमीटर लांबीच्या या वेगवान धावपट्टीवर मिळालेला हा विजय त्यांच्या कारकिर्दीतील ठळक टप्पा ठरला. काईल यांनीही १९७९ मध्ये डेटोना येथे वयाच्या १८ व्या वर्षीच आर्का मालिकेत पहिला विजय नोंदवला होता. पित्याच्या विक्रमाशी झालेली ही तुलना माध्यमांनी उचलून धरली. १९९८ मध्येच ॲडम यांनी बुश मालिकेतही पहिले पाऊल टाकले.

बुश मालिका

१९९९ च्या हंगामात ॲडम पूर्णवेळ बुश मालिकेत उतरले. त्यांची गाडी ४५ क्रमांकाची शेव्हरोले होती. डेटोना येथील हंगामाच्या सलामीच्या शर्यतीत त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. सुमारे ४ किलोमीटर लांबीच्या आणि ३१ अंश कलत्या वळणांच्या या धावपट्टीवर नवोदिताने असे स्थान मिळवणे लक्षणीय होते.

पुढील हंगाम मात्र चढउताराचा ठरला. एका शर्यतीत त्यांनी चौथे स्थान मिळवले व ते त्यांचे या मालिकेतील सर्वोत्तम ठरले. याउलट तीन शर्यतींत पात्रता फेरीतील वेग अपुरा पडल्याने त्यांना शर्यतीत उतरताच आले नाही. वर्षाअखेरीस गुणतक्त्यात ते २० व्या स्थानी होते. एएसएमधील मर्यादित अनुभवावर त्यांनी थेट राष्ट्रीय स्तरावर उडी घेतली होती. अनेक धावपट्ट्या ते प्रथमच पाहत होते. हे लक्षात घेता हा हंगाम शिक्षणाचा मानला गेला. मैदानाबाहेर मनमोकळा स्वभाव आणि सतत हसतमुख चेहरा यांमुळे ते प्रेक्षक व सहकारी चालक यांच्यात लोकप्रिय झाले.

विन्स्टन कपमधील पदार्पण

पेटी एंटरप्रायझेसने ॲडम यांच्यासाठी टप्प्याटप्प्याची योजना आखली होती. २००० मध्ये बुश मालिकेचा दुसरा हंगाम पूर्ण करायचा, त्याच वर्षी विन्स्टन कपच्या मोजक्या शर्यतींत भाग घ्यायचा आणि २००१ पासून सर्वोच्च मालिकेत पूर्णवेळ उतरायचे, असे तिचे स्वरूप होते.

२ एप्रिल २००० रोजी टेक्सास मोटर स्पीडवेवर त्यांनी विन्स्टन कपमध्ये पदार्पण केले. पहिल्याच प्रयत्नात पात्र ठरून त्यांनी ३३ व्या स्थानावरून सुरुवात केली. बराच काळ ते मधल्या फळीत धावत होते. मात्र इंजिन निकामी झाल्याने त्यांना ४० व्या स्थानावर समाधान मानावे लागले. काईल या शर्यतीसाठी पात्र ठरले नव्हते. परंतु एलियट सॅडलर यांची प्रकृती बिघडल्याने शर्यतीदरम्यान त्यांची गाडी काईल यांनी हाती घेतली. त्यामुळे पिता-पुत्र सर्वोच्च मालिकेत एकाच धावपट्टीवर आले. असा प्रसंग पुन्हा आला नाही.

शर्यतीनंतर तीनच दिवसांनी, ५ एप्रिल २००० रोजी, ली पेटी यांचे वयाच्या ८६ व्या वर्षी निधन झाले. पणतूचे पदार्पण त्यांच्या हयातीत झाले होते.

मृत्यू

१२ मे २००० रोजी ॲडम न्यू हॅम्पशायर इंटरनॅशनल स्पीडवेवर बुश मालिकेच्या शर्यतीपूर्वीचा सराव करत होते. सुमारे १.७ किलोमीटर लांबीच्या या धावपट्टीवरील सरळ भाग लांब असून वळणे जवळजवळ सपाट आहेत. त्यामुळे वळणापूर्वी वेग बराच कमी करावा लागतो. तिसऱ्या वळणाकडे जाताना त्यांच्या गाडीचे थ्रॉटल, म्हणजे इंजिनाला मिळणारा हवा-इंधनाचा पुरवठा नियंत्रित करणारी झडप, उघड्या स्थितीत अडकले. वेग कमी न झाल्याने गाडी बाहेरील काँक्रीटच्या भिंतीवर जवळजवळ समोरून आदळली. कवटीच्या तळाच्या अस्थिभंगामुळे त्यांचा मृत्यू झाला.

अशा अपघातात पट्ट्यांनी बांधलेले धड आसनावर राहते. डोके आणि वजनदार शिरस्त्राण मात्र वेगाने पुढे फेकले जाते. हा ताण मान व कवटी यांच्या सांध्यावर येतो. शरीरावर इतर मोठी इजा नसतानाही कवटीच्या तळाचे हाड मोडून मृत्यू ओढवू शकतो.

सुरक्षाव्यवस्थेतील बदल

ॲडम यांच्या मृत्यूनंतर आठ आठवड्यांनी, ७ जुलै २००० रोजी, केनी अर्विन ज्युनियर हे चालक त्याच धावपट्टीच्या त्याच वळणावर सराव करताना मरण पावले. त्याही अपघातात थ्रॉटल अडकल्याचा संशय होता. दोन तरुण चालकांच्या लागोपाठ मृत्यूंमुळे नॅस्कारवर दबाव वाढला. चालकाला हात न हलवता इंजिन तात्काळ बंद करता यावे, यासाठी सुकाणू चक्रावर कळ बसवणे बंधनकारक झाले. सप्टेंबर २००० मधील न्यू हॅम्पशायरच्या विन्स्टन कप शर्यतीत वेग कमी करण्यासाठी इंजिनांवर हवेचा पुरवठा मर्यादित करणारी चकती लावण्यात आली.

मूळ प्रश्न मात्र डोके व मान यांच्या संरक्षणाचा होता. जीवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी १९८० च्या दशकातच 'हान्स' हे उपकरण विकसित केले होते. खांद्यावर बसणाऱ्या जोखडासारख्या या उपकरणाला शिरस्त्राण पट्ट्यांनी जोडलेले असते. त्यामुळे धडकेच्या क्षणी डोके धडापासून दूर फेकले जात नाही. अवजड वाटत असल्याने अनेक चालक ते वापरण्यास नाखूश होते. ऑक्टोबर २००० मध्ये टोनी रोपर आणि १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० च्या अखेरच्या फेरीत सात वेळचे विजेते डेल अर्नहार्ट मरण पावले. अखेर ऑक्टोबर २००१ मध्ये नॅस्कारने डोके व मान रोखून धरणारे साधन सक्तीचे केले. २००२ मध्ये इंडियानापोलिस येथे धडकेची ऊर्जा शोषणारी पोलाद व फोम यांची भिंत प्रथम उभारण्यात आली आणि पुढे इतर धावपट्ट्यांनीही ती स्वीकारली. अर्नहार्ट यांच्यानंतर नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेतील शर्यतीत एकाही चालकाचा मृत्यू झालेला नाही.

वारसा

ॲडम यांच्या निधनानंतर २००० च्या उर्वरित हंगामात काईल पेटी यांनी त्यांची बुश मालिकेतील गाडी चालवली. २००१ मध्ये, म्हणजे ॲडम ज्या वर्षी पूर्णवेळ पदार्पण करणार होते त्या वर्षी, काईल यांनी विन्स्टन कपमध्ये स्वतःचा ४४ क्रमांक सोडून ४५ हा क्रमांक घेतला आणि तो पेटी एंटरप्रायझेसमधील आपल्या कारकिर्दीच्या अखेरपर्यंत कायम ठेवला. २००९ च्या आरंभी पेटी एंटरप्रायझेसचे दुसऱ्या संघात विलीनीकरण झाले आणि सहा दशकांचा तो कौटुंबिक संघ स्वतंत्र रूपात उरला नाही.

ॲडम यांचे सर्वांत ठळक स्मारक मैदानाबाहेर उभे आहे. फ्लोरिडातील आजारी मुलांच्या एका शिबिराला त्यांनी वडिलांसह भेट दिली होती. तसेच शिबिर उत्तर कॅरोलिनात असावे, अशी त्यांची इच्छा होती. काईल व पॅटी यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली. रिचर्ड पेटी व त्यांच्या पत्नी लिंडा यांनी दिलेल्या रँडलमन येथील जमिनीवर २००४ मध्ये 'व्हिक्टरी जंक्शन' हे शिबिर सुरू झाले. अभिनेते व शर्यतपटू पॉल न्यूमन यांनी सुरू केलेल्या शिबिरांच्या परिवाराशी ते संलग्न होते. गंभीर किंवा दीर्घकालीन आजार असलेल्या मुलांना येथे वैद्यकीय देखरेखीखाली पोहणे, घोडेस्वारी, मासेमारी यांसारखे अनुभव विनामूल्य दिले जातात. शिबिराच्या अनेक वास्तूंची रचना मोटर शर्यतींच्या कल्पनेवर आधारित आहे.

सर्वोच्च मालिकेत ॲडम पेटी यांच्या नावावर केवळ एक शर्यत आहे. तरीही घराण्यातील खंडित झालेली परंपरा, त्यांच्या मृत्यूनंतर कठोर झालेले सुरक्षानियम आणि व्हिक्टरी जंक्शन यांमुळे स्टॉक कार शर्यतींच्या इतिहासात त्यांची नोंद कायम राहिली आहे.