मुंबईची लस, पंजाबातलं गाव आणि एक बाटली : शास्त्रज्ञ हाफकिन यांची जीवनकहाणी

कुरुंदा (ता. वसमत) : शेतात साप चावला की सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन देतात आणि लेकरांना पोलिओचे जे डोस पाजतात, ते बनवणाऱ्यांत हाफकिन हे जुनं सरकारी नाव आहे. २०१७ पासून काही वर्षं राज्यातल्या सरकारी दवाखान्यांची औषधखरेदीही हाफकिन महामंडळाकडंच होती. २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण आलं. पण हाफकिन हे मुळात एका माणसाचं आडनाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा इथं एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियाच्या राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. शिक्षणानंतर ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तिथं त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले आणि कॉलऱ्याची लस टोचत फिरले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसं पटापट मरू लागली, लोक शहर सोडून गावाकडं पळाले. सरकारने हाफकिन यांना बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली, व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्यावर त्यांनी काम सुरू केलं. अवघ्या तीन महिन्यांत प्लेगची लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई त्यांनी स्वतःच्याच अंगात घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी पुढं येऊन लस घेतली. खोजा समाजाचे प्रमुख आगाखान यांनी जागा दिली आणि त्यांच्या समाजातल्या हजारो लोकांनी लस टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. तिथून देशभर लस जाऊ लागली.

लस बनली खरी, पण ती शेकडो कोस दूरच्या खेड्यात शुद्ध स्वरूपात पोचवायची कशी, हा प्रश्न होताच. १९०२ मध्ये पंजाबात प्लेगने धुमाकूळ घातला. तिथून लसीची प्रचंड मागणी आली. एवढा माल लवकर निघावा म्हणून हाफकिन यांनी लसीत कार्बोलिक ॲसिड घालणं थांबवून ती उष्णतेनं निर्जंतुक करायची पद्धत घेतली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली. चार बाटल्यांच्या लोकांना काही झालं नाही. पाचव्या बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना मात्र धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले.

एकोणीस घरं उजाड झाली. साहजिकच लोक लसीला भिऊ लागले. सरकारने चौकशी नेमली आणि ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना कामावरून बाजूला केलं गेलं. ते इंग्लंडला गेले आणि पुढची काही वर्षं आपली बाजू मांडत राहिले.

चौकशीच्या कागदांतच एक गोष्ट नोंदली होती. बूच काढायचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता. तो जाळावर न धरता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय ती बाटली उघडली तेव्हा तिला वास नव्हता. जंतू मुंबईतच शिरले असते तर इतक्या दिवसांत ती नासून वास मारली असती. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. त्यानंतर सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केलं. ते कोलकात्याला परत आले, पण परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही.

इकडं परळहून लस जातच राहिली. १८९७ ते १९२५ या काळात सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचं नाव दिलं गेलं. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथं त्यांचं निधन झालं.

मलकोवालच्या घटनेला सव्वाशे वर्षं होत आली, पण औषधाचा प्रवास आजही तसाच लांब आहे. कारखाना, विभागीय भांडार, जिल्हा भांडार, प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र आणि शेवटी आशाताई बोलावतात ते लसीकरण सत्र. बहुतेक लसी २ ते ८ अंश थंडाव्यात ठेवाव्या लागतात. म्हणून दवाखान्यात लसीचा वेगळा फ्रिज असतो आणि गावात लस बर्फाच्या डब्यातून येते. लाईट गेली, डबा उन्हात राहिला, साठ्याची नोंद चुकली, की बनवणाऱ्याची मेहनत वाया जाते.

कुरुंद्यात असो की वाडी-तांड्यावर, लेकराला लस देताना दोन गोष्टी आपणही बघू शकतो. सुई नव्या पाकिटातली आहे का? आणि बाटलीवरच्या छोट्या गोलातला चौकोन गोलापेक्षा फिका आहे का? चौकोन गोलाइतकाच किंवा त्याहून गडद झाला असेल, तर ती लस उष्णतेनं खराब झालेली असते आणि ती वापरत नाहीत. हे सिस्टरांना विचारायला संकोच करू नये.